बंद पडलेल्या पानांवरचा मराठी मजकूर आपण जपला, तर तो वाटावा की वाटू नये?

तलावपाळी (धागाकर्ता):

मराठी जालावरील लेखन झपाट्याने नाहीसे होत आहे आणि त्याविषयी आपण पुरेसे बोलत नाही, म्हणून हा विषय चर्चेसाठी मांडत आहे. याहूने २००९ मध्ये जिओसिटीज बंद केले, २०१४ मध्ये ऑर्कुट बंद झाले, २०१९ मध्ये गूगल प्लस गेले, आणि दर वेळी त्यांच्यासोबत हौसेने लिहिणाऱ्या असंख्य माणसांची पाने गेली. ज्यांनी पदरचे पैसे घालून स्वतःचे डोमेन घेतले होते, त्यांच्यापैकीही अनेकांचे नूतनीकरण कधीतरी थांबले. कुणी आजारी पडले, कुणी वारले, कुणाचा उत्साह ओसरला. छापील पुस्तकाची एक प्रत रद्दीत गेली, तरी दुसरी कुठल्यातरी वाचनालयात सापडण्याची आशा असते. जालावरच्या पानाची प्रत कुणी मुद्दाम ठेवली नसेल, तर ती कुठेच नसते.

ठाणे आणि बेलापूर पट्टी यांविषयी जालावर जे जे चांगले वाचायला मिळाले, ते मी साठवून ठेवत आलो आहे. शहरातील तलाव, खाडीकाठची मिठागरे, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने जमिनी घेण्यापूर्वीची गावे, अशा विषयांवरचे ते लेख आहेत. त्यात आगरी लग्नांत धवलारीण म्हणते त्या धवल्यांचे, म्हणजे लग्नविधींच्या पारंपरिक गाण्यांचे, एक पान आहे. कुणीतरी टोपणनावाने, फुकट मिळणाऱ्या जागेवर ते चालवले होते. प्रत्येक धवल्याखाली तो कोणत्या विधीच्या वेळी म्हणतात याची टीप आहे आणि अवघड आगरी शब्दांचे अर्थ दिले आहेत. मजकूर मात्र युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहे, त्यामुळे तो फाँट आपल्या संगणकावर नसेल, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन पसारा दिसतो. जालावरची पाने साठवून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनने हे पान जसेच्या तसे टिकवले आहे, परंतु ज्या पानात संगणकाच्या लेखी एकही देवनागरी अक्षर नाही, ते मराठीत शोध घेणाऱ्याला सापडणार कसे? मी तो मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणला आणि भलत्याच अक्षरावर जाऊन बसलेले रफार व तुटलेली जोडाक्षरे ओळीओळीने दुरुस्त केली.

माझे मत असे आहे. मूळ पान बंद पडले असेल आणि प्रामाणिक शोध घेऊनही लेखकाचा पत्ता लागत नसेल, तर जपलेला मजकूर लेखकाच्या नावासह, मूळ पत्त्यासह आणि विनामूल्य सर्वांसाठी खुला करावा. जो लेख आजही मूळ जागी आहे, त्याचा केवळ दुवा द्यावा. कायद्याची चौकट याहून अरुंद आहे याची मला कल्पना आहे. तरीही लेखकाला हक्क दिले जातात ते त्याचे लेखन वाचकांपर्यंत पोहोचावे आणि त्याचे श्रेय त्याला मिळावे म्हणूनच, असे मी मानतो, आणि जे लेखन कुणापर्यंतच पोहोचू शकत नाही त्याच्या बाबतीत हक्काची कडी लावून ठेवण्याने लेखकाचे कोणतेही हित साधत नाही.

नौपाडा-संपादिका:

आपली तळमळ खरी आहे, हे आपण घेतलेल्या कष्टांवरून दिसते. तरीही आपला निष्कर्ष मला मान्य नाही, आणि त्यामागे अनुभव आहे.

आम्ही एक लहानसा दिवाळी अंक काढतो. कागद, छपाई, टपाल आणि लेखकांचे मानधन यांचा मेळ जाहिरातींवर आणि अंकविक्रीवर बसतो, आणि अलीकडे जाहिराती आटल्यामुळे सारा भार विक्रीवर येतो. अंक बाजारात आल्यानंतर थोड्याच दिवसांत त्याची अखंड पीडीएफ टेलिग्रामवर फिरू लागते. ती स्कॅन करणारा माणूस एक पैसाही घेत नाही आणि त्याच्या मनात कोणताही वाईट हेतू नसतो. मराठी वाचन वाढावे, परदेशातल्या मुलांना अंक मिळावा, खेड्यात अंक पोहोचत नाहीत तिथे तो पोहोचावा, असे तो मनापासून म्हणतो. परिणाम असा होतो की ज्या कथालेखिकेला पुढच्या वर्षी थोडे अधिक मानधन द्यावे असे आम्ही ठरवतो, तिला पुन्हा तेवढ्याच रकमेवर थांबावे लागते. म्हणून ‘विनामूल्य’ हा शब्द कुणी समर्थन म्हणून पुढे केला की मला त्याचे अप्रूप वाटत नाही, कारण वाटणाऱ्याने पैसे न घेतल्यामुळे लिहिणाऱ्याचे नुकसान भरून येत नाही.

‘नावासह’ या अटीचेही काय होते ते पाहा. आमच्या एका लेखात शीर्षक आणि लेखकाचे नाव मिळून एक चित्र केलेले होते. कुणीतरी लेख जालावरून उचलून व्हॉट्सॅपवर चिकटवला तेव्हा मजकूर गेला, चित्र मागे राहिले आणि नाव गळून पडले. पुढच्या कुणीतरी शेवटी ‘अप्रतिम लेख, लेखक अज्ञात’ असे जोडले. त्यापुढे एका मोठ्या नावाजलेल्या लेखकाच्या नावावर तो फिरू लागला, आणि मूळ लेखकाला त्याच्याच सोसायटीच्या गटात तो लेख ‘जरूर वाचा’ म्हणून आला. आपण स्वतः नाव ठेवाल याविषयी मला शंका नाही. आपल्या हातून पुढे गेलेल्या मजकुरावर मात्र आपलाही ताबा राहणार नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पान बंद झाले याचा अर्थ ते हरवले असाच होतो, हे आपण गृहीत धरले आहे. कुणी विचार बदलल्यामुळे पान काढते, कुणी घरातल्या माणसांविषयी लिहिलेले मागे घेते, कुणी तोच मजकूर पुस्तकात घेणार असते म्हणून जालावरून उतरवते. आपले लेखन मागे घेणे हाही लेखकाचा अधिकार आहे, आणि मौनाला संमती समजणे मला पटत नाही.

बेलापूर-वकील:

वर हक्कांचा आणि अधिकाराचा विषय निघाला आहे, म्हणून कायदा प्रत्यक्षात काय म्हणतो ते मांडतो.

जपण्याच्या बाबतीत कायदा आपल्या बाजूने आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(क) प्रमाणे खाजगी वापर, संशोधन, समीक्षा आणि चालू घडामोडींचे वृत्त यांसाठी केलेला न्याय्य वापर हा भंग ठरत नाही, आणि त्या कलमाच्या स्पष्टीकरणात अशा कारणांसाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवण करणे हाही भंग नाही असे नमूद आहे. धागाकर्त्यांनी आपल्या अभ्यासासाठी पाने उतरवून ठेवली, यात गैर काही नाही. तीच पाने कुणालाही उघडता येतील अशा जागी ठेवली की ते लोकांपर्यंत कृती पोहोचवणे होते, आणि त्याला हक्कधारकाची परवानगी लागते. घरातल्या दोघा-चौघांना एक लेख पाठवणे आणि शेकडो अनोळखी माणसांच्या वाहिनीवर रोजचे अख्खे वर्तमानपत्र टाकणे यांत न्यायालये फरक करतील, असे मला वाटते. दुसऱ्या प्रकारात काय होते ते २०२० मध्ये दिसलेच. दैनिक जागरणचा ई-पेपर टेलिग्रामवर वाटला जात होता, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने त्या वाहिन्या बंद करण्याचा आणि त्या चालवणाऱ्यांची माहिती उघड करण्याचा अंतरिम आदेश दिला.

कॉपीराइटसाठी नोंदणी लागत नाही. लेख लिहिला की हक्क जन्माला येतो. ‘सर्व हक्क राखीव’ असे खाली लिहिलेले नाही म्हणून लेख मोकळा आहे, ही समजूत सोडून द्यावी. मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे आहे आणि ती मृत्यूच्या पुढील कॅलेंडर वर्षापासून मोजतात. पूर्वी ती पन्नास वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ अखेर संपणार होता, तेव्हा ती वाढवण्यात आली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचे लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांचे आहे. ज्यांचे नाव आपल्या ठाण्यातल्या रंगायतन नाट्यगृहाला आहे ते राम गणेश गडकरी १९१९ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची नाटके कुणीही छापावीत, स्कॅन करावीत, जालावर ठेवावीत. जुन्या मासिकांच्या बाबतीत मात्र सावध राहावे, कारण अंक किती जुना आहे यावरून काही ठरत नाही. १९३५ च्या अंकातला एखादा लेखक १९८० मध्ये वारला असेल, तर त्याचा लेख २०४० अखेरपर्यंत संरक्षित आहे.

धवल्यांचे पान टोपणनावाने आहे, म्हणून त्याला कलम २३ लागते, म्हणजे प्रकाशनापासून साठ वर्षे. मधल्या काळात लेखकाची ओळख उघड झाली, तर पुन्हा मृत्यूपासूनचा हिशेब लागू होतो. लेखक सापडतच नसेल तर कलम ३१क खाली परवान्यासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी दैनिकात जाहीर सूचना द्यावी लागते आणि ठरेल ते मानधन जमा करावे लागते. हौसेने काम करणाऱ्या माणसाला हा मार्ग जवळजवळ बंदच आहे, हे मी मान्य करतो, परंतु कायद्याने बेवारस लेखनाचा विचारच केलेला नाही असे म्हणता येणार नाही.

घणसोली-वाचक:

वकीलसाहेबांनी नियम नीट सांगितले, पण नियमांमागचा हेतू तेवढ्या जोराने सांगितला नाही. दिल्ली विद्यापीठाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानाविरुद्ध तीन बड्या परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा केला होता आणि २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने तो फेटाळला. कॉपीराइट हा नैसर्गिक किंवा दैवी हक्क नाही, ज्ञान वाढावे म्हणून समाजाने दिलेली ती मर्यादित सवलत आहे, अशी भूमिका त्या निकालात घेतलेली आहे. माझ्यासारख्या, खोली भाड्याने घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांना दर महिन्याला चार-चार संकेतस्थळांची वर्गणी भरणे शक्य नसते. आमच्या गटात संपादकीये आणि लेख येतात, त्यावर वाद होतात, टिपणे निघतात. ते बंद झाले तर आम्ही वर्गणी भरू असे कुणाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे. आम्ही वाचणेच थांबवू. जो माणूस कधीच ग्राहक होणार नव्हता, त्याने वाचले तर लेखकाचे नेमके काय गेले?

बेलापूर-वकील:

तो निकाल शिक्षणाच्या ओघात, अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतील भाग एकत्र करून प्रती काढण्यापुरता आहे. रोजचे अंक सार्वजनिक वाहिनीवर वाटण्याला तो लागू पडणार नाही.

नौपाडा-संपादिका:

घणसोली-वाचक, तुमच्या अडचणीविषयी मला सहानुभूती आहे, आणि एखाद्या मुलाने वाचायला अंक हवा म्हणून कळवले तर आम्ही तो पाठवतो. पण ‘कधीच ग्राहक होणार नव्हता’ हे प्रत्येकाविषयी खरे नसते. घोडबंदर रोडच्या मोठमोठ्या संकुलांतल्या गटांत आमच्या अंकाची पीडीएफ मी पाहिली आहे, आणि तिथे अंकाची किंमत कुणालाही जड जाणारी नाही.

करावे-लेक:

मी आगरी आहे. माझ्या आजीचे धवले ऐकत आम्ही मोठ्या झालो. वर एवढी चर्चा झाली, पान कुणाचे, टीप कुणाची, फाँट कुणी बदलला, साठ वर्षे कुठून मोजायची. पण ज्या बायांनी ते धवले जिभेवर ठेवले, त्यांचा विषय कुणी काढला नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले.

धवलारीण लग्नात नुसती गाणी म्हणायला येत नाही. मांडवातल्या विधींना ती धवल्यांनी साथ देते. कोणत्या विधीला कोणता धवला, कुठे वधूच्या घराण्याचे नाव गुंफायचे, कुठे थांबायचे, हे सगळे तिच्या डोक्यात असते. ज्याने ते पान केले, त्याने कुणा ना कुणा धवलारणीजवळ बसून लिहून घेतले असणार. त्या पानावर तिचे नाव आहे का, हे मला धागाकर्त्यांना विचारायचे आहे. नसेल, तर ‘लेखकाच्या नावासह’ म्हणताना तुम्ही ज्याचे नाव जपणार आहात, तो गायिकेचे नाव न लिहिणारा माणूस आहे. आमच्या गावांच्या जमिनी गेल्या, गावांची नावे तेवढी सिडकोने वसवलेल्या नोडांच्या पाट्यांवर राहिली. गाणी तरी आमच्या नावाने राहावीत असे मला वाटते.

म्हणून मी वाटण्याच्या बाजूची आहे, परंतु माझे कारण वेगळे आहे. आमच्या घरात आता कुणाला पूर्ण धवले येत नाहीत. कुठल्यातरी बंद पडलेल्या पानाच्या कडीकुलपात ते राहिले, तर ते आमच्याच मुलींना मिळणार नाहीत, आणि ते लेखकाच्या हक्काच्या नावाखाली झाले तर मला ते सहन होणार नाही.

तलावपाळी:

करावे-लेक, आपण विचारले ते पुन्हा उघडून पाहिले. पानावर गायिकेचे नाव नाही. दोन धवल्यांखाली केवळ ‘सारसोळे येथील एका वृद्धेकडून’ एवढाच उल्लेख आहे.

संपादिकाबाईंच्या दोन मुद्द्यांना उत्तर देतो. दिवाळी अंकाच्या पीडीएफला माझा त्यांच्याइतकाच विरोध आहे. जे विकत मिळते ते वाटू नये, याविषयी माझ्या मनात संदिग्धता नाही. लेखकाने जाणूनबुजून मागे घेतलेल्या लेखनाचा प्रश्न अधिक कठीण आहे. ज्याने एकेक लेख निवडून काढला आणि बाकीचे ठेवले, त्याचा हेतू दिसतो, म्हणून तसा लेख मी वाटणार नाही. जिथे पुरवठादार कंपनीने सगळा गाशाच गुंडाळला आणि त्यात एका माणसाची सगळी पाने एका दिवसात गेली, तिथे त्या माणसाने काही ठरवले होते असे मानायला आधार नाही. या दोन गोष्टी मी वेगळ्या धरतो, आणि कुणी हक्कधारक पुढे आला तर त्याच दिवशी मजकूर उतरवण्याची माझी तयारी आहे.

वाशी-ग्रंथपाल:

या प्रश्नाकडे मी ग्रंथालयाच्या बाजूने पाहते, आणि मला वाटते की इथे जे व्यक्तीवर येऊन पडले आहे ते मुळात संस्थेचे काम आहे. आपल्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये उभे राहिले, तेव्हा छापील मराठी पुस्तके एकत्र जपावीत हा विचार काही माणसांनी पदरमोड करून अमलात आणला. जालावरच्या मराठीसाठी तसे काही आपण केलेले नाही.

कायद्यातली पोकळी नेमकी कुठे आहे ते सांगते. १९५४ च्या कायद्यानुसार भारतातल्या प्रकाशकाने पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यायची असते, ज्यांत मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्यात वर्तमानपत्रे नंतर आली, जालावरची पाने आलेली नाहीत. २०१२ च्या दुरुस्तीने विनानफा सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत करण्याची मुभा मिळाली, परंतु ती ग्रंथालयाकडे त्या कृतीची छापील किंवा तत्सम प्रत आधीपासून असेल तरच. जे लेखन जालावरच जन्मले, त्याची तशी प्रत असणार कुठून? म्हणजे जे सर्वांत लवकर नाश पावते, तेच या मुभेच्या बाहेर राहिले. ब्रिटनने २०१३ मध्ये ब्रिटिश लायब्ररी आणि इतर ठराविक ग्रंथालयांना त्या देशातली संकेतस्थळे साठवण्याचा अधिकार कायद्याने दिला. साठवलेले पान सहसा ग्रंथालयाच्या आवारातच वाचता येते, घरी बसून नाही. संपादिकाबाईंची भीती आणि धागाकर्त्यांची तळमळ या दोहोंना त्यात जागा आहे. अमेरिकेत वेबॅक मशीन चालवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हने २०२० मध्ये स्कॅन केलेली पुस्तके प्रतींच्या मर्यादेविना उधार द्यायला सुरुवात केली, प्रकाशक न्यायालयात गेले आणि २०२३ मध्ये व पुन्हा २०२४ मध्ये अपिलातही आर्काइव्हच्या विरुद्ध निकाल लागला. जपण्याच्या पुण्याईवर वाटण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, हे त्यावरून समजावे.

करावे-लेक:

ग्रंथपालताई, वाचनकक्षात येऊन वाचा, ही सोय अभ्यासकांची आहे. माझी चुलत बहीण दिवसभर बाजारात मासळी विकते. तिच्या मुलीच्या हळदीला धवला हवा असेल तर तो तिच्या फोनवर आला पाहिजे.

बेलापूर-वकील:

या एका पानापुरता मार्ग निघू शकतो. परंपरेने चालत आलेल्या धवल्यांचा कुणी एक कर्ता नाही, त्यामुळे त्यांच्या शब्दांवर संकलकाला कॉपीराइट सांगता येणे अवघड आहे. त्याने लिहिलेल्या टिपा, शब्दार्थ आणि मांडणी यांवर मात्र त्याचा हक्क आहे. गाणाऱ्या स्त्रीचे ध्वनिमुद्रण असेल, तर कलम ३८ प्रमाणे तिचा कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क येतो आणि तो पन्नास वर्षे टिकतो. म्हणून धवल्यांचे मूळ शब्द द्यावेत, टिपा राखून ठेवाव्यात.

तलावपाळी:

हे मला मान्य आहे. धवल्यांचे शब्द मी युनिकोडमध्ये खुले करतो. टिपांच्या जागी करावे, सारसोळे, दिवाळे या गावांतल्या जाणत्या बायांकडून नव्याने माहिती घ्यावी आणि त्यांची संमती घेऊन त्यांची नावे लिहावीत. करावे-लेक यांनी साथ दिली तर हे काम लवकर होईल. मिठागरांवरच्या आणि तलावांवरच्या लेखांविषयी माझे मत बदललेले नाही. त्यांचे लेखक सापडले नाहीत, तर ते लेख मी नावासह ठेवणार आहे आणि त्याची जबाबदारी माझी राहील.

नौपाडा-संपादिका:

धवल्यांविषयी माझी हरकत नाही. मिठागरांच्या लेखांविषयी आहे, आणि ती राहील. ते लेख ठेवण्यापूर्वी लेखकांची नावे आणि विषय यांची यादी आधी इथे प्रसिद्ध करा. ठाण्यात लिहिणारी माणसे फार नाहीत. त्यांतल्या काहींना किंवा त्यांच्या वारसांना आम्ही जुने संपादक ओळखत असू. ज्यांचा पत्ता मला लागेल, त्यांना मी स्वतः फोन करीन. ते ‘नको’ म्हणाले तर तो लेख आपण वाटायचा नाही, एवढे मात्र आताच कबूल करा.

तलावपाळी:

कबूल. यादी या आठवड्यात टाकतो.